बक्षिसाचा कापूस

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांच्या पुढच्या खोलीत कापूस पडून होता. आम्ही भावंडं त्याच्यावरच झोपायचो आणि शाळेत जाताना एकमेकांच्या केसांत अडकलेली कापसाची वाळकी पत्ती वेचायचो.

संक्रांतीनंतर गावात कबड्डीचे सामने भरले, आणि पहिल्यांदाच मुलींचेही. वर्गणी मागायला गेलेल्या मंडळींना लोकांनी पैशांऐवजी कापूसच दिला. मग मुलांसाठी शाळेच्या कपाटातली जुनी ढाल निघाली आणि आम्हा मुलींसाठी मैदानाच्या कडेला कापसाने भरलेली बैलगाडी उभी राहिली.

आमची कर्णधार गावातल्या पिंजाऱ्याची मुलगी. तिचे वडील, आमचे चाचा, सामना बघायला कुंपणाशी उकिडवे बसले होते. अंतिम सामना कळंबकडच्या मुलींशी होता. बरोबरी झाली असताना तिने शेवटची चढाई केली, दोघींना शिवली आणि बाही फाडून घेऊन परत आली. आम्ही तिच्यावर अशा पडलो की तिला श्वास घेता येईना.

बक्षीस देताना आमच्या खेळाच्या सरांनी भाषण केलं. जुन्या ग्रीक लोकांत कुठे जिंकणाऱ्याला नुसता पानांचा मुकुट मिळे, तर अथेन्स शहरात तिथल्याच ऑलिव्हच्या झाडांचं तेल रांजण भरभरून मिळे. आता खेळाडूंना सोन्याचं पदक, नोकरी, मोटारही मिळते. पण आपल्या मातीत पिकलेलं बक्षीस मिळणं हा जुना मान आहे, असं ते म्हणाले.

शेजारी बसलेली माझी आई हळूच म्हणाली, "तेल तं खाता तरी येते. याचं काय करावं?"

प्रश्न खराच होता. विकायचं म्हटलं तर व्यापाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून आम्हालाच हसू आलं. घरी वाटून न्यावा तर घरी ठेवायला जागा नव्हती. शेवटी चाचाच म्हणाले, "इकता कायले? माह्याकडे टाका. तुम्हा पोरींले गाद्या भरून देतो."

त्या दिवसांत घरोघर कापूस होता आणि गादी मात्र कोणी भरत नव्हतं. चाचांची पिंजण कितीतरी दिवस खुंटीला लटकलेली होती. जिनिंगवाल्याने कापसातली सरकी ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात रुई काढून दिली. खोळीसाठी प्रत्येकीने आईचं जुनं लुगडं नाहीतर साडी आणली. पिंजणीची तार वाजायला लागली की आम्ही शाळा सुटताच तिकडे धावायचो. चाचांची दाढी, भुवया, कान सगळं रुईने भरायचं. मजुरीचं विचारलं तर त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "बापाले कोणी मजुरी इचारते का?"

गाद्या पातळच झाल्या, पण अंगाखाली घेतल्या की घरच्या ढिगाहून फार निराळ्या वाटायच्या.

पुढे यवतमाळला जिल्ह्याच्या सामन्यांना गेलो तेव्हा त्या गुंडाळून जीपच्या टपावर बांधून नेल्या. पहिल्याच सामन्यात हरलो. जीप संध्याकाळी येणार होती, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात गाद्या पसरून पडलो.

आम्हाला हरवलेल्या संघातली एक मुलगी पाणी प्यायला आली आणि गाद्या बघून थांबली. कुठून आणल्या, तिने विचारलं. बक्षिसात भेटल्या, म्हणून आमच्या कर्णधाराने सांगितलं. त्या मुलीला ते खरंच वाटेना. आमच्या सगळ्यांकडून ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, आमचा पुढचा सामना रात्री आहे, मला पदक मिळालं तर मी ते पाठवून देते, मला एक गादी दे.

कर्णधाराने गादीच्या खोळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गादी नाही देत. माह्या अम्मीची साडी आहे हे. पण पडायचं असंन तं पड."

तिने बाजूला सरकून जागा करून दिली. ती मुलगी आधी नुसती टेकली, मग आडवी झाली. जीप आली तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.