तात्यांची मूठ आणि चंद्रीचा पान्हा

फिजिओथेरपिस्टच्या बॅगेत चेंडू आणि रबरी पट्टे असतात, असं लोकांना वाटतं. माझ्या बॅगेत हल्ली निम्मे किस्सेच असतात. दर गुरुवारी पासलीहून परतताना एखादा वाढतोच, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही!

मी शिकले सातासमुद्रापार. परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: लकवा मारलेला हात म्हणजे संपलेला हात नव्हे. मेंदू नवी वाट काढतो, फक्त त्याला त्या वाटेनं रोज चालवावं लागतं. हे मी भेटेल त्याला सांगते. एसटीच्या कंडक्टरलाही सांगून झालंय. त्यानं सुट्टे मागितले.

* * *

पासलीच्या देवळाच्या सभामंडपात लकवा झालेल्यांचा आमचा व्यायामवर्ग भरतो. तात्या पहिल्यांदा आले तेव्हा उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवून बसले. मूठ घट्ट वळलेली, काही केल्या उघडत नव्हती.

शिकल्याप्रमाणे मी आधी ध्येय विचारलं. "तात्या, या हातानं सगळ्यात आधी काय करायचंय?"

मला वाटलं, जेवायचं म्हणतील, नाहीतर सदऱ्याची बटणं लावायची.

"चंद्रीचं दूध काढायचं."

"चंद्री कोण?"

शेजारच्या सतरंजीवरून हिराबाई म्हणाल्या, "म्हैस हाय त्यांची. बायकोच्या आदी तिचं नाव घेत्यात!"

हिराबाईंचा डावा हात असाच गेलेला. जीभ मात्र शंभर टक्के शाबूत.

गंमत बाजूला ठेवली तर प्रकरण गंभीर होतं. चंद्री दिवाळीच्या सुमाराला विणार होती. तात्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे गेलेले, त्यांना उकिडवं बसवत नव्हतं. मुलगा सुनील शिवऱ्याला हायवेवर पंक्चर काढतो. त्यानं सांगून ठेवलं होतं, "तोवर तात्यांचा हात आला तर ठीक. न्हाईतर चंद्री सारोळ्याला मामाकडं."

* * *

दुबळ्या हाताला कामाला लावायचं तर चांगल्या हाताला थोडा वेळ सुट्टी द्यावी लागते. म्हणून मी तात्यांच्या डाव्या हातावर लोकरी मोजा चढवला आणि म्हटलं, "जेवताना, हिंडताना हा काढायचा नाही."

पुढच्या गुरुवारी तात्यांच्या ओट्यावर ही गर्दी! जो तो बिस्किटाचा पुडा घेऊन आलेला, चेहरे पडलेले. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाई, त्या हातावरनं पन वारं गेलं वो!"

मी तात्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही सांगितलं का नाही, व्यायाम आहे म्हणून?"

"सांगनार व्हतो की," तात्या म्हणाले, "पन क्रीमची बिस्किटं अजून आली न्हाईत!"

* * *

दूध काढण्याचा सराव हवा म्हणून मी एक शक्कल लढवली. रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांना टाचणीनं भोकं पाडली आणि तो मंडपाच्या खांबाला टांगला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की फोटो काढून परदेशातल्या मैत्रिणींना पाठवला.

तात्यांनी त्याची बोटं एकेक करून मोजली.

"ताई, हिला सडं पाच?"

मी घाईघाईनं अंगठ्याला गाठ मारली.

"हां," हिराबाई म्हणाल्या, "आता आपली झाली. मगाशी फारीनची व्हती!"

* * *

चंद्री व्याली. तात्यांची मूठ अजून अर्धीच उघडत होती. काकू गुडघे धरून कशाबशा खाली बसल्या, तर चंद्री पान्हा सोडेना. रेडकू पाजून बघितलं, पेंड घालून बघितली. काही नाही. शेवटी काकूंचा संयम सुटला आणि त्यांनी नवऱ्याचा उद्धार सुरू केला. "हे म्हातारं एक हट्टी, वर आळशी! जन्मात कुनाचं ऐकलं न्हाई! घोरतंय तर असं, आढं हालतंय!"

चंद्रीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला!

तेव्हापासून रोज सकाळी हाच कार्यक्रम. काकू आत तात्यांची लाज काढणार, चंद्री दूध देणार, आणि तात्या ओट्यावर बसून त्याच तालावर मूठ वळणार, मूठ उघडणार. "हट्टी" ला बंद, "घोरतंय" ला उघड.

असा व्यायाम मला कुठल्याही प्राध्यापकानं शिकवला नव्हता.

* * *

पण काकूंचे गुडघे सुजले आणि एका रविवारी सकाळी सुनील चंद्रीला सारोळ्याला न्यायला टेम्पो घेऊन आला. काकूंनी फोन केला म्हणून मीही पोचले. तात्या बादली घेऊन गोठ्यात शिरले.

बसले. उजवा हात सडाला लावला. मूठ वळली. मूठ उघडली. पुन्हा वळली! मी आनंदानं उडी मारली आणि शेणात उतरले.

बादलीत मात्र थेंब नाही. चंद्रीनं मान वळवून तात्यांकडे पाहिलं आणि एक लाथ झाडली. बाहेर सुनीलनं टेम्पोचा फाळका पाडला.

"अगं, बोल की!" तात्या ओरडले.

काकू दारात उभ्या होत्या, तोंडात पदर, डोळ्यांना धार. "आज कसं वो बोलू?"

तात्यांनी कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवलं. घसा खाकरला. आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच सुरू झाले, "ह्यो तात्या एक हट्टी! जन्मात कुनाचं ऐकलं न्हाई! घोरतोय तर असा, आढं हालतंय!"

सर्र. सर्र. सर्र.

दारातून काकूंचा आवाज आला, "अन् 'आळशी' कोन म्हननार?"