अंडरब्रिजपलीकडचा थांबा

डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक झाली, की मी ब्रेकवर पाय ठेवायचा. "स्लो, मॅडम. आता डावीकडं पाहा. पयले सांगा, पाणी कोठून उतरते?"

समोर शंभर वर्षांची कमान असो की कोरीव खांब, भाऊंचा पहिला प्रश्न पाण्याचा. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. सरकारी बांधकाम खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. रायपुरातल्या जुन्या इमारतीची दुरुस्ती निघाली, की टेप घेऊन हे छतावर. त्यामुळे इमारत देखणी आहे की नाही, हे ते पन्हाळीवरून ठरवत. नव्या रायपुरातली एक उंच काचेची इमारत पाहून मी "वा!" म्हटलं, तर म्हणाले, "वा काहून? पाऊस पडू द्या, मंग सांगा." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, लग्नात जेवायला बसण्याआधी मांडवाच्या गाठी तपासणारा.

भाऊंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. तरी गाडीतून जुनं शहर दाखवायची कल्पना त्यांचीच. आमच्या मराठी मंडळातल्यांची नातवंडं सुट्टीत बंगळुराहून येतात आणि मॉल पाहून परत जातात. त्यांच्यासाठी एक कागद करायचा. एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला एकेका थांब्याची माहिती. गाइड नको, कोणाला विचारणं नको. कागद मांडीवर ठेवायचा आणि आपली गाडी आपण हाकायची. मजकूर मी लिहायचा, तोही हिंदीत, कारण या पोरांना मराठी समजतं, पण उत्तर ती हिंदीत देतात. नकाशा भाऊंचा.

दोन हिवाळे आम्ही दर रविवारी माझ्या गाडीतून फिरलो. बूढ़ापारा, पुरानी बस्ती, टाउन हॉल, मठ. मागून कितीही हॉर्न वाजोत, भाऊ ढिम्म. एकदा ट्रॅफिक हवालदारानं काच ठोठावली, "अंकल, यहाँ क्यों रोके हो?" भाऊंनी काचेतून हात काढून त्यालाच वरची पन्हाळ दाखवायला सुरुवात केली. बिचारा पाच मिनिटं मान वर करून उभा होता.

फेरी संपली की मी त्यांना स्टेशनकडं नेत असे. त्यांचं घर गुढियारीत, रेल्वेलाइनीपलीकडं. पण अंडरब्रिज आला की "बस, इथंच," म्हणून उतरत. "तिकडं जाम लागते. तुम्ही काहून त्रास घेता?" मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर कधीच केला नाही.

थांबे अकरा ठरले. आमच्या चुलत्यांच्या घराची कोरीव गॅलरी तिसऱ्या क्रमांकावर बिनबोभाट आली. आमची माणसं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात इथं आली. आम्हाला इतिहासात जागा मागावी लागत नाही. मग एके दिवशी मंडळाच्या बैठकीत भाऊंनी घसा साफ केला आणि बारावा थांबा सुचवला, त्यांच्या वस्तीतला बुद्धविहार.

मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडं पाहू लागले आणि मी कागदाकडं. शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, अंडरब्रिजमध्ये जाम लागते न. बाहेरची पोरं अडकतील."

"हव," भाऊ म्हणाले. "जाम तर लागते." आणि पेन्सिलीला टोक काढू लागले.

त्यांचंच वाक्य मी त्यांच्या अंगावर टाकलं होतं. ते त्यांना कळलं, हेही मला कळलं.

पुढच्या रविवारी अंडरब्रिजपाशी त्यांनी दाराला हात घातला, तशी मी म्हटलं, "बसा, भाऊ. आज पलीकडं येते." जाम होताच. वीस मिनिटं एका टेम्पोमागं उभे राहिलो.

विहार लहानसा. चुन्याच्या भिंती, निळं दार. "रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमन लोकांनी बांधला," भाऊ म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी येत आन् बांधत. माह्या मायनं विटा वाहिल्या. मी पाणी आणत होतो. नकाशा-बिकाशा काही नाही. ते डावी भिंत पाहा, जराशी सरकली आहे."

मग त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली. विहाराचा नकाशा होता, शाईनं काढलेला, त्या सरकलेल्या भिंतीसकट. "सरकारच्या साऱ्या इमारती मोजल्या, मॅडम. हे मोजाले मले कोणी सांगतलं नाही. रिटायर झालो आन् पयले हेच मोजलं."

मला शरम वाटली. तेव्हाच माफी मागायला हवी होती, पण तोंडातून आलं ते दुसरंच. "सकाळी जाम नसते न? मग फेरी इथूनच सुरू करू. पहिला थांबा हाच."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मंग सारा नकाशा पुन्हा काढा लागते."

"काढा."

"काढतो न. मले काय काम आहे?"

काढला त्यांनी. शेवटचे बाण दवाखान्याच्या खाटेवर, मांडीवर पाटी घेऊन. छापलेला कागद मात्र त्यांच्या हाती पडला नाही. माफी राहिली ती राहिलीच.

मागच्या रविवारी सकाळी मी एकटीच तिकडं गेले. विहारापुढं एक पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू. आत एक तरुण जोडपं, मुलीच्या मांडीवर आमचा कागद. मुलानं काच खाली करून दार झाडणाऱ्या वस्तीतल्या एका बाईंना विचारलं, "दीदी, यहाँ क्या देखना है?"

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "मेरी सास ने ईंट ढोई है यहाँ. गाड़ी में बैठे-बैठे क्या दिखेगा? उतरो."

दोघं उतरली. हे ऐकायला भाऊ हवे होते, असं इतकं वाटलं की डोळे भरून आले. मग दुसरंच काही आठवलं. नकाशा दाखवला त्या दिवशी भाऊ "या न आत, मॅडम," म्हणाले होते, आणि मी घड्याळ दाखवून गाडीत बसले होते.

बाई आता माझ्या काचेपाशी आल्या. "और आप?"

मी गाडी बंद केली आणि उतरले. त्या दोघांच्या बुटांशेजारी चपला काढल्या.