उन्हात घातलेलं बियाणं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे लातूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा लोक म्हणाले, जिभेनंच घालवलं हिनं. तसं नव्हतं, पण मीही कुणाला समजावत बसले नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र काहीच विचारलं नाही. बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "जेवलीस का, माय?" आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच.

अप्पांनी चाळीस वर्षं डाळ मिलमध्ये काढली. आलेला माल उतरवून घ्यायचा की परत पाठवायचा, हे तेच ठरवायचे. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचा, उरलेले नाकाजवळ न्यायचे. ओलीचा वास आला की अख्खा ट्रक माघारी. 'बुरशी' हा शब्द ते शिवी दिल्यासारखा उच्चारायचे. रिटायर झाल्यावरही गल्लीतल्या बायका वर्षाची ज्वारी घेण्याआधी मूठभर पदरात बांधून आणायच्या. "अप्पा, बघा बरं." अप्पा दाणा फोडून एवढंच म्हणायचे, "घ्या" किंवा "नका". त्या मूठभर ज्वारीची ते दिवसभर वाट बघत असावेत, असं मला आता वाटतं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

मशरूमचं वेड माझं. आठवडाभराच्या एका प्रशिक्षणाला गेले आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत धिंगरी जातीचं मशरूम लावायचं ठरवून आले. लातूरच्या उन्हात, पत्र्याखाली मशरूम! गल्लीला हसायला निमित्तच मिळालं. त्यात आम्ही लिंगायत. उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीला आमच्याकडे कुणी बोट लावत नाही, खाणं तर दूरच. अप्पांनीही ते कधी तोंडात घातलं नाही. पण पत्रा तापतो म्हणून मिलमधून जुनी बारदानं मागून आणली ती त्यांनीच. दाभण-सुतळीनं ती एकमेकांना शिवून चारही भिंतींना लावली, पत्र्यावर कडबा पसरला, खाली वाळू टाकली. नळाला तेव्हा दहा दहा दिवस पाणी नसायचं. अप्पा मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचे आणि तेच पाणी वर नेऊन कडब्यावर शिंपडायचे. मग कपाळाला विभूती, पूजा, आणि नंतर बारदानं भिजवायला पुन्हा वर.

सोयाबीनचं भुसकट भिजवणं, चुलीवरच्या पिंपात गरम पाण्यातून काढणं, निथळवणं हेही त्यांच्याकडेच. ते भुसकट मुठीत दाबून बघायचे. पाण्याचा थेंब पडता कामा नये, पण तळवा ओला झाला पाहिजे. माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत यावर दीड पान लिहिलेलं होतं. अप्पांना ती वही लागलीच नाही. पहिल्यांदा पिशव्यांच्या चिरांमधून पांढरे कान फुटले तेव्हा ते दारात कितीतरी वेळ उभे होते. "लई नाजूक हाय की गं," म्हणाले. मी त्या दिवशी फार खूश होते.

एकच गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "हे उगवतं कशातून?" मी म्हणाले, "बियाण्यातून." ते अर्धंच खरं होतं. मशरूमचं बियाणं म्हणजे उकडलेली ज्वारी, आणि तिच्यावर मुद्दाम वाढवलेली पांढरी बुरशी. तीच बुरशी भुसकटात पसरते आणि तिलाच मशरूम येतं. पण बुरशी म्हटलं असतं तर अप्पांनी ती घरात येऊ दिली नसती, अशी मला भीती होती. म्हणून पिशव्या भरताना मी दार लावून घ्यायची. हात स्पिरिटनं धुतलेले लागतात, वारा चालत नाही, असं सांगायची. तेही खोटं नव्हतंच. माझी हुशारी ती एवढीच.

एप्रिलमध्ये नांदेडला बहिणीकडे बारशाला गेले होते. उन्हाळ्यात तग धरणाऱ्या गुलाबी धिंगरीचं बियाणं मी मागवलं होतं. फार खटपटीनं मिळालं होतं. ते एसटीच्या पार्सलनं मी परत आल्यावर यायचं होतं, ते दोन दिवस आधीच आलं. स्टँडवरून घरी फोन आला आणि अप्पा रिक्षा करून घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशव्यांत काय आहे ते त्यांना बाहेरूनच दिसलं. बुरशीनं गोळा झालेली ज्वारी.

मी परत आले तेव्हा ते जिन्यातच उभे होते. चेहरा उजळलेला.

"माय, तुला फसवलं गं त्यानं. बियाण्याला पार बुरशी लागली होती. पर म्या वाचवलं. फिकीर करू नको."

गच्चीवर धोतर अंथरून ज्वारी वाळत घातली होती. प्यायच्या पाण्यातून तीनदा धुतली होती. हातांनी चोळून चोळून दाणा न् दाणा साफ केला होता, दोन दिवस कडक ऊन दाखवलं होतं. बियाणं टिकावं म्हणून आमच्याच चुलीतली राख चाळून बाजूला तयार ठेवली होती, फक्त मिसळायची बाकी होती.

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. विसरता येत नाही.

"चाळीस वर्षं धान्यात घालवली, अन् एवढं कळलं न्हाई तुम्हाला? कुणी सांगितलं होतं हात लावायला? बुरशीच पाहिजे होती मला! काही कळत न्हाई तुम्हाला धान्यातलं, काही कळत न्हाई!"

शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. ती थांबली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग धोतरावरच्या ज्वारीकडे. "बरं," एवढंच म्हणाले. खाली बसून त्यांनी ज्वारी गोळा केली.

बियाणं नंतर दुसरं आलं. पिशव्या भरल्या, गुलाबी धिंगरीही आली. अप्पा बारदानं भिजवत राहिले, पण भुसकट मुठीत धरून बघणं त्यांनी सोडलं. "तूच बघ," म्हणायचे. एकदा एक बाई ज्वारी घेऊन आली, तेव्हा त्यांनी ती तशीच परत केली. "मला कळंना आता. दुसऱ्याला दाखव." माझी चूक होती, मी लपवलं होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं. रोज ठरवायची. ज्या जिभेची गल्लीत एवढी ख्याती, ती तेवढ्या एका वाक्याला वळली नाही.

गच्चीच्या कोपऱ्यात त्यांनी तेलाचा एक जुना डबा कापून माती भरली होती. त्यात त्यांनी ती ज्वारी पेरली होती, हे मला माहीत होतं. रोज तांब्याभर पाणी घालून डब्याशी उकिडवे बसायचे. दाणा वाचवला होता, मेला नव्हता, हे त्यांना मला दाखवायचं होतं. उकडलेली ज्वारी कधी उगवत नाही. हे मी सांगितलं नाही, आधी रागानं आणि मग लाजेनं.

पावसाळ्यात त्यांचं छातीचं दुखणं वाढलं. मिलच्या धुळीनं ते आधीपासूनच होतं. दवाखान्यात ठेवलं. बोलताना धाप लागायची. एका दुपारी मी कापूस ओला करून त्यांचे ओठ पुसत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "डब्यात काही आलं का गं?"

"आलं, अप्पा," मी म्हणाले. "हिरवंगार. दोन-दोन पानं आलीत."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. बऱ्याच वेळानं माझ्या हातावर त्यांची बोटं हलली.

"दोन पानं तुरीला येतेत, माय," ते म्हणाले. "ज्वारीला आधी एकच पान येतं."

धान्याबद्दल अप्पा शेवटचं बोलले ते हे. आणि ते बरोबर होतं.