मास्तरांनी कापलेली शांतता

टेलरमास्तरांच्या दुकानातली ट्रायल रूम म्हणजे खरं तर एक उभं कपाटच. दोन्ही बाजूंना तयार कोट टांगलेले, समोर आरसा. पण कोटांमुळे आत आवाज घुमत नाही, हे कळल्यापासून दर मंगळवारी, दुकान बंद ठेवून, मास्तर स्टूल, मॅन्डोलिन आणि लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन आत शिरत आणि डोक्यावर येणाऱ्या बाह्या सारत वाजवत बसत.

वाजवत ते डॉक्टरांसाठी. हे डॉक्टर दातांचे, राहणार दोन समुद्रांपलीकडे. मॅन्डोलिनच्या चांगल्या तारा कुठे मिळतील, असं मास्तरांनी एकदा इंटरनेटवर विचारलं होतं. उत्तर देणारे हे एकटेच. सहा वर्षांत भेट नाही की फोन नाही, नुसत्या ईमेल. डॉक्टर गाऊन आणि गिटार वाजवून पाठवत, मास्तर ते हेडफोनवर ऐकत मॅन्डोलिनचे चार-पाच ट्रॅक वेगवेगळे भरून परत पाठवत, आणि डॉक्टर सगळं जुळवून गाणं पुरं करत. कोटाची कुणी तारीफ केली तर मास्तर मान हलवून सोडून देत. डॉक्टरांचं ‘वा मास्तर’ मात्र त्यांना आठवडाभर पुरे.

सातव्या गाण्याला डॉक्टरांनी लिहिलं, फार जपून, की मास्तर, तुमचा हात गोड आहे, पण तुमचा एकही ट्रॅक जागेवर बसत नाही. प्रत्येक तुकडा सरकवून बसवता बसवता माझे रविवार जातात. इथे एक मॅन्डोलिनवाले आहेत. हरकत नसेल तर यापुढे त्यांनाच विचारू का?

मास्तरांना वाटलं, आपला ताल गेला. दोन दिवस ते लय मोजत शिलाई मारत होते, आणि एका पँटचे दोन पाय वेगळ्या मापाचे झाले. शेवटी लेकीला फोन लावला. तिने चार प्रश्न विचारले आणि पाचव्याला थबकली.

“बाबा, तुम्ही ट्रॅकची सुरुवात कापता?”

“मग? मी वाजवायला लागण्याआधी एक मिनिट चाळीस सेकंद नुसती शांतता असते. लोकांना काय चिंध्या पाठवायच्या?”

लेकीने समजावलं, की त्या शांततेवरूनच तुमची जागा ठरते. सगळे ट्रॅक गाण्याच्या आरंभापासूनच सुरू झाले पाहिजेत, रिकामे तर रिकामे.

सहा वर्षं आपण दर वेळी नीटनेटकेपणाने घोळ घातला, हे मास्तरांना उमगलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी पाचही ट्रॅक नव्याने भरले. ऐकले असते तर हात कात्रीकडे गेलाच असता, म्हणून न ऐकताच पाठवले.

संध्याकाळी मात्र राहवेना. पहिला ट्रॅक लावला. शांतता कसली? पडद्याबाहेर काजं-बटणं करत बसलेल्या मास्तरीणबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. कानाला हेडफोन, म्हणून मास्तरांना पत्ताच नव्हता.

“डॉक्टर गातात बरे गं,” मास्तरीणबाईंचा आवाज स्वच्छ येत होता, “पण तिसऱ्या ओळीत गळा आवळतो, कॉलर एक नंबर लहान झाल्यासारखा. यांना कळतं सगळं. बोलायची हिंमत नाही, म्हणून तिथेच जोरात वाजवून झाकतात.”

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. पत्नीला काही बोलावं, तर तिचं चुकलं काय, हेच सापडेना. डॉक्टर तीन दिवस गप्प. आता ते मॅन्डोलिनवालेच खरे, असं धरून मास्तरांनी मॅन्डोलिन खोळीत घातली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. त्यांनी तो आवाज गाण्याबाहेर कधी ऐकलाच नव्हता.

“मास्तर, ट्रॅक असे बसले की हात लावावा लागला नाही. त्या दुसऱ्यांना मी नको म्हणून कळवलंय.” मग म्हणाले, “तिसरी ओळ पुन्हा गायलोय. वहिनींना ऐकवा. आणि आता तिथे हळू वाजवा.”

मास्तरीणबाईंनी सुई बाजूला ठेवून ओळ दोनदा ऐकली. म्हणाल्या, “आता बरी आहे. पण दुसऱ्या कडव्यात...”

“थांब जरा,” मास्तर म्हणाले. त्यांनी मास्तरीणबाईंना ट्रायल रूममधल्या स्टुलावर बसवलं, कोट बाजूला सारले, आणि लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. “हं, बोल.”