प्रार्थनेसाठी सांगितलेलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. प्रार्थनेतही — खरं सांगायचं तर — मी याला वळसा घालूनच जाते. गुडघे टेकते, सगळ्यांची नावं घेते, आणि एक नाव ओठांवर यायला लागलं की घाईने आमेन म्हणते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतेय. ओळखीच्या माणसांना सांगायची हिंमत असती, तर इतकी वर्षं गेली असती का?

मी शिक्षिका आहे. जन्माने ख्रिस्तीच. लहानपणापासून पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये जायचे. उपासना संपली की लोक एकमेकांना सलाम करायचे आणि आपापल्या घरी जायचे. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मग आम्ही हडपसरला राहायला आलो आणि शेजारणीबरोबर मी पहिल्यांदा या मंडळीत, म्हणजे आताच्या आमच्या चर्चमध्ये, गेले. तेव्हा ती एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. खाली लग्नाची पंगत, वर आमची गाणी. पण त्या दिवशी चार अनोळखी माणसांनी माझं नाव विचारलं, आणि पुढच्या रविवारी ते त्यांच्या लक्षात होतं! तुम्हाला ही साधी गोष्ट वाटेल. मला तेव्हा नाही वाटली.

मंडळी वाढत गेली. हॉल पुरेना, म्हणून सोलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक मोठी शेड घेतली. स्टेज, लाइट, मोठे स्क्रीन, पार्किंगमध्ये शिट्ट्या वाजवून गाड्या लावून देणारी मुलं, सकाळी मराठी उपासना आणि मग हिंदी. यवतमाळ, वाशीम, नांदेडकडून कंपन्यांत कामाला आलेली मुलंमुली यायची. पुण्यात त्यांना ‘जेवलास का’ विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही विचारायचो. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आमचे पास्टर रूबेन आधी औषध कंपनीत होते, डॉक्टरांकडे फिरतीवर. एकदा भेटलेल्या माणसाचं नाव, त्याच्या मुलाची इयत्ता, बायकोचं दुखणं — काही विसरायचे नाहीत. आणि उपदेशाच्या शेवटी ते डोळे मिटायचे. मग म्हणायचे, ‘इथे एक बहीण आहे, तिच्या घरात असं असं चाललंय, प्रभू मला दाखवतोय...’ आणि खरंच कुणीतरी रडत उभं राहायचं. हॉल शहारायचा. मीसुद्धा.

प्रार्थना टीम माझ्याकडे होती. उपासना संपली की एका कोपऱ्यात समोरासमोर खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. लोक येऊन मन मोकळं करायचे. घरी जे बोलता येत नाही ते सगळं — नवऱ्याची दारू, मुलाचं तुटलेलं लग्न, नको तिथे आलेली गाठ. मी हात हातात घ्यायचे, प्रार्थना करायचे. आणि शनिवारी लीडर्सची मीटिंग संपली की पास्टर मला थांबवायचे. चहा मागवायचे. ‘स्नेहलताताई, या आठवड्यात कुणाचं ओझं आहे मनावर?’ ओझं हा आमच्यात रोजचा शब्द. मी सांगायचे. पास्टरांना नाही सांगायचं तर कुणाला? तेही प्रार्थनाच करणार होते ना?

मग तो कानाचा प्रकार झाला.

मुंढव्याचे एक काका माझ्याकडे आले होते, कानात सतत गुणगुण होते म्हणून. उजवा कान. ते समोर बसलेले, माझा गोंधळ झाला असावा — मी पास्टरांना डावा सांगितला. रविवारी पास्टरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘डाव्या कानाने बेजार झालेला एक भाऊ इथे आहे.’ काका सरळ माणूस. उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, ‘पास्टर, डावा नाही हो, उजवा!’ लोक हसले. पास्टरही हसले. ‘मी समोरून बघतोय ना काका, माझा डावा तो तुमचा उजवा.’ टाळ्या पडल्या. सगळ्या हॉलमध्ये मी एकटीच हसले नाही. चूक माझी होती. मग देवाकडेही माझीच चूक कशी पोचली?

त्या दिवशी मला कळलं. कळलं, आणि मी थांबले नाही.

उलट नजरच बदलली माझी. मीटिंगनंतर पास्टरांकडे अजून कोण थांबतं, हे मी बघायला लागले. तरुणांचा लीडर थांबायचा. लहान मुलांच्या रविवारच्या वर्गांवर शिकवणारी एक सिस्टर थांबायची. त्यांनाही चहा मिळायचा. रविवारी पास्टर बोलायला लागले की मी मनात ओळखायचे — हे त्याच्याकडून आलं, हे तिच्याकडून. आणि ‘हे माझं’ असेल तेव्हा... कसं सांगू? मला बरं वाटायचं. मी सांगितलेलं वाक्य माइकवरून यायचं, एक बाई हुंदका देऊन उठायची, आणि मी खुर्चीत ताठ बसलेली असायचे. त्याला श्रद्धा म्हणणार का तुम्ही?

आता रेखाचं सांगते.

रेखा फुरसुंगीची. शेतकरी घर. जमीन थोडी विकलेली, थोडी राहिलेली, आणि उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या काढलेल्या. घरात ती एकटीच आमच्याकडे यायची. मोठ्या आजारातून उठल्यावर तिने हा रस्ता धरला होता. नवरा तिच्याशी धड बोलत नव्हता, सासू तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. तरी ती दर रविवारी पदर नीट करून पहिल्या रांगेत. तिच्या खोलीत शुभांगी भाड्याने राहायची — यवतमाळकडची, मगरपट्ट्यात एका ऑफिसात कामाला. तिला मंडळीत आणलं रेखानेच. पुढे गाण्याच्या टीममधल्या नितीनशी शुभांगीचं लग्न ठरलं. नितीनची आई मंडळीत जुनी, मानाची.

एका दुपारी रेखा माझ्याकडे घरी आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, “ताई, शुभीचं पयलं लगीन झालेलं हाय. लहान व्हती तवाच. नवरा मारायचा म्हनून निघून आली. रीतसर मोडलंय समदं. नितीनला ती सोताच सांगनार हाय, चार दिवसांत. फकस्त तिला धीर यावा म्हनून प्रार्थना करा. आनि कुनाला बोलू नका, मला तिनं लई इश्वासानं सांगितलंय.”

मी प्रार्थना केली. दोघी रडलो. आणि शनिवारी मी पास्टरांना सांगितलं.

का? मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी फार खोदूनही विचारलं नव्हतं. चहा आला, प्रश्न आला, आणि माझ्याजवळ त्या आठवड्यात दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. एवढंच.

रविवारी पास्टर म्हणाले, ‘एक बहीण नव्या संसाराच्या उंबरठ्यावर आहे, पण जुनं मंगळसूत्र लपवून ठेवलंय. ती लहान होती. पण प्रभूपासून काय लपतं?’ शुभांगी उभी राहिली नाही. तिने मान खाली घातली, आणि तेवढं पुरेसं झालं. नितीनच्या आईने मागे वळून तिच्याकडे पाहिलेलं मी पाहिलं.

लग्न मोडलं. आईने मोडलं असतं तर नितीन कदाचित भांडला असता. पण तो स्वतःच तिला म्हणाला, “तू नाही सांगितलंस. देवाला सांगावं लागलं.”

पण शुभांगी काही भोळी नव्हती. तिने ही गोष्ट पुण्यात एकाच माणसाला सांगितली होती. ती रेखाच्या दारात उभी राहून नको नको ते बोलली. आणि रेखा — रेखा तडक मंडळीच्या ऑफिसात आली. पास्टरांनी बैठक बोलावली. काचेची केबिन, पास्टर, मंडळीचे दोन वडीलधारे, मी. समोर रेखा. बाजूला शुभांगी, भिंतीकडे बघत.

पास्टर कधीच आवाज चढवत नाहीत. म्हणाले, “रेखाताई, प्रभूने जे उघड केलं त्यावर तुम्ही संशय घेताय. मंडळीकडे बाहेरचे लोक आधीच वाकड्या नजरेने बघतात. आतून तरी हे नको.”

“मी देवावर संशय न्हाय घेत,” रेखा म्हणाली. “मी शुभीचं बोलले, ही माझी चूक हाय. पन बोलले ते ह्या ताईंपाशी. प्रार्थनेसाठी. आनि तेच तुमच्या तोंडातनं आलं.”

पास्टरांनी माझ्याकडे मान वळवली. “स्नेहलताताई, रेखाताई या विषयावर तुमच्याशी काही बोलल्या होत्या?”

तुम्ही जरा थांबून हे बघा. त्यांना माहीत होतं. मी त्यांच्याच समोर बसून, याच केबिनमध्ये सांगितलं होतं. आणि ते मला विचारत होते — शांतपणे, डोळ्याला डोळा भिडवून. तो प्रश्न नव्हताच. मी कुणाची, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

तेवढ्यावर थांबले असते तर — नाही, तरीही फरक पडला नसताच. पण मी थांबले नाही. कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, “त्या आल्या होत्या घरी, पण गुडघेदुखीसाठी.” इतकं सहज सुचलं मला. शाळेत मुलं अशी पुस्ती जोडतात तेव्हा मी लगेच ओळखते.

रेखा ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती शुभांगीकडे वळून फक्त “शुभे...” म्हणाली, आणि शुभांगी उठून बाहेर गेली. मग ठरलं की रेखाने काही काळ घरसभेपासून, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनेपासून, दूर राहावं. शेवटी पास्टर म्हणाले, ताई, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली — सुंदर केली. मी मधे एकदा डोळे उघडले. तिचे उघडेच होते.

रेखा परत आली नाही. घरच्यांनी तिला काय ऐकवलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा — ज्यांच्यासाठी आमच्याशी वाकडं घेतलंस, त्यांनीही हाकललं? शुभांगी खोली सोडून चाकणकडे गेली. मी एकदा रिक्षा करून फुरसुंगीपर्यंत गेले होते. रेखाचं घर दिसायला लागलं आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, मागे घ्या, पत्ता चुकला.

आणि मला काय मिळालं? महिलांचं सगळं काम माझ्याकडे आलं. आता मी स्टेजवरून बोलते, माइक लावून. त्या बैठकीबद्दल पास्टर पुन्हा एक अक्षर बोललेले नाहीत. आभारही नाहीत. दर रविवारी आम्ही हसून हात मिळवतो आणि मी विचार करते — यांच्या मुठीत मी आहे, की माझ्या मुठीत हे? कुणी प्रेमाने जवळ घेतलं की वाटतं, याला काय हवंय? कुणी विचारलं, ताई, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू, तर म्हणते, सगळं छान आहे. माझी मुलगी तिच्या मनातलं मला सांगत नाही. तिने काय पाहिलंय माझ्यात, हे विचारायचं धाडस मला होत नाही.

गेल्या वर्षी मंडईत रेखा भेटली. तिनेच आधी पाहिलं. हातात मेथीची जुडी. अंगाने वाळली होती. “बऱ्या हाय ना ताई?” म्हणाली. मी हो म्हटलं. काहीतरी विचारायचं म्हणून शुभांगीचं विचारलं.

“माझा फोन घेत न्हाय ती,” रेखा म्हणाली.

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण सवयीने तोंडातून निघालं, “तुझ्यासाठी प्रार्थना करते हं.”

ती थांबली. रागावली वगैरे नव्हती. “नका करू,” म्हणाली. “माझं नाव कुनापुढंच काढू नका.” आणि पिशवीत मेथी टाकून गर्दीत गेली. मला हाक मारता आली असती. मारली नाही.

शुभांगीचा नंबर माझ्याकडे आहे. त्या बैठकीत रेखा खरं बोलत होती आणि मी खोटं — एवढं एक वाक्य तिला सांगायचं आहे. फोन उचलून ते सांगायला मला कुणीही अडवलेलं नाही. मी ते आजही सांगितलेलं नाही.