पहिल्या जाळ्याच्या वेळी कॅमेरा अंधारतो, त्याबाबत

अर्ज लिहिणार : मी, तहसील कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणारा अर्जनवीस.
ज्यांच्या वतीने : माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा, धरणात मासेमारी.
दिनांक : पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळची वेळ.
साक्षीदार : एक, माझी बहीण. दोन, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. तीन, यंत्र तपासण्यास आलेल्या तंत्रज्ञ मॅडम.

नावे मूळ अर्जात नमूद आहेत. येथे ती देत नाही, कारण हे लिखाण कचेरीच्या आवक-जावकेसाठी नाही. अर्जात जे बसत नाही, ते कुठेतरी बसवावे लागते.

आमच्या घराण्यात कागदाकडे वळलेला पहिला माणूस मी. शाळा आठवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण कचेरीच्या पायऱ्यांवर झाले आणि ते कमी प्रतीचे आहे असे मी मानत नाही. बहीण व दाजी मात्र वडिलांप्रमाणे पाण्यावर राहिले. धरणाच्या काठाला त्यांचे घर आहे, घरामागे जाळी वाळत असतात आणि अंगणातून हाक मारली तर होडीवर ऐकू जाते. त्यांचे मासे दुसरबीड आणि बीबीच्या बाजारात विकले जातात. दाजी मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. त्यात थट्टा किती व मान किती, याची मी कधी चौकशी केली नाही.

गेल्या हंगामात संस्थेच्या होड्यांवर शासकीय योजनेतून निरीक्षण यंत्रे बसली. होडीच्या मागच्या टोकाला एक उभा पाइप, त्यावर पांढरा डबा, डब्याला कॅमेऱ्याचे भिंग, वर उन्हावर चालणारी काळी पाटी आणि खाली एक बारीक दिवा. होडी कुठे फिरते, जाळे कोणत्या भागात पडते, लहान मासोळी परत पाण्यात सोडतात की नाही, हे कार्यालयात बसून पाहता यावे असा त्याचा हेतू. दिवा हिरवा असेल तर यंत्र ठीक. लाल झाला तर होडी पाण्यात घालण्याआधी अध्यक्षांना फोन करायचा. पाण्यावर असताना लाल झाला तर जाळे उचलून काठावर परतायचे.

बहिणीने पहिल्याच दिवशी डब्याला हळदकुंकू लावले, जसे नव्या ट्रॅक्टरला लावतात. अंगण झाडताना ती त्याच्याशी बोलतही असे. “काय पाहून राह्यला रे बाप्पा, झाडूनच राह्यली न मी.”

बिघाड व्हायचे. त्याचे मुख्य कारण म्हणजे पाणकावळा. धरणातल्या साऱ्या पाणकावळ्यांना दाजींचाच डबा आवडला होता. पंख पसरून वर बसायचे आणि पाटी पांढरी करून जायचे. पाटीला ऊन मिळाले नाही की दिवा लाल. मग दाजी वल्हे उगारून ओरडत, “उठ बे! तुह्या बापाची खुर्ची हाय का?” आणि बहीण जुन्या सुती लुगड्याच्या धडप्याने पाटी पुसून काढी, लेकराचे तोंड पुसावे तशी. दिवा हिरवा झाला की ती अध्यक्षांना स्वतः फोन करी. “झालं बरं, उठलं आमचं.”

असे सगळे ठीक चालले असता नोटीस आली. त्यात लिहिले होते की सदर होडीवरील कॅमेरा वारंवार झाकला जातो. समाधानकारक खुलासा न आल्यास होडीचा परवाना रद्द होईल, आणि तोवर होडी पाण्यात घालू नये. दाजींचे वय साठीकडे झुकलेले. त्यांना पाण्याशिवाय दुसरे काम येत नाही, आणि काठावर तर त्यांना नीट बसताही येत नाही. दुपारभर माझ्या टेबलासमोर ते उभेच होते.

“वकीलसाहेब, डब्बा खराब हाय म्हणून लिहून द्या.”

“नेमके काय होते, ते सांगा.”

“मले काय मालूम? मी मासोळ्या पाहू का डब्बा पाहू?” असे म्हणून ते समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहू लागले. मला वाटले, परवान्याच्या काळजीने.

मी अर्ज बांधला. पहाटेचे दव, पाण्याची वाफ, पाणकावळ्याची विष्ठा व पाटीवरील तिचा परिणाम, असे ‘नैसर्गिक बिघाड’ क्रमाने मांडले. वाचून दाखवला तेव्हा दाजींनी हात जोडून ऐकला.

“लय भारी,” ते म्हणाले. “माह्याच होडीचं हाय न हे?”

अर्जाचा उपयोग झाला. सोमवारी जीपमधून तंत्रज्ञ मॅडम आल्या. वयाने लहान, पायात गमबूट, खांद्याला अवजारांची पिशवी. संस्थेचे अध्यक्षही आले, आणि मीही टेबल सोडून काठावर गेलो. मॅडमनी पाटी पुसली, डबा उघडला, तारा पाहिल्या, होडी काठाजवळच फिरवून चित्र आपल्या फोनवर पाहिले. मग काठावर येऊन म्हणाल्या, “यंत्र उत्तम आहे. बिघाड झाला असता तर दिवा लाल झाला असता आणि चित्र बंद पडलं असतं. इथे दिवा हिरवा राहतो, चित्रही येतं, पण काळं येतं. तेही रोज पहिलं जाळं ओढतानाच. दुसऱ्या जाळ्याला स्वच्छ दिसतं. पाणकावळा काय वेळ पाहून बसतो का, काका?”

पक्ष्यांच्याही वेळा ठरलेल्या असतात, हा मुद्दा मी मांडू लागलो. तेवढ्यात पायरीवर भांडी घासणारी बहीण हसू लागली.

“अरे, काऊन त्या पाखराच्या नावानं लिहून राह्यला तू? हेच झाकतेत. आपल्या बनेननं!”

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. “मालक,” ते दाजींना म्हणाले, “तुमाले दुसरं काही नाही सापडलं झाकाले?”

दाजी पाण्याकडे पाहत म्हणाले, “पहिलं जाळं हाय मॅडम. पहिलं जाळं आमी कोनाले दाखवत नाही. काठाले लागल्यावर पाहा, पाहिजे तं टोपलं घरी घेऊन जा. पन वर येताना नाही. नजर लागते.”

तेव्हा मला माझे वडील दिसले. ते नदीवर पहिले जाळे ओढत तेव्हा खांद्यावरचा पंचा काढून टोपल्यावर टाकत, आणि काठावर उभी असलेली आम्ही भावंडे पाण्याकडे पाठ करून उभी राहत असू. जाळ्यातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. त्या आवाजावरून बहीण कुजबुजत सांगायची, आज मरळ आहे, आज काहीच नाही. बहुधा तिचे खरे निघायचे. हे सगळे मला माहीत होते. डब्याला डोळा आहे, एवढेच माझ्या ध्यानात आले नव्हते. ते दाजींच्या ध्यानात आले होते.

“अन् तो डोया कोनाचा हाय, कुठं बसून पाह्यते, आपल्याले काय मालूम?” दाजी म्हणत होते. “त्याचं तोंड दिसलं असतं तं गोष्ट येगळी होती.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की झाकले की कार्यालयाला वाटते, लहान मासोळी लपवली. ‘यापुढे कॅमेरा झाकणार नाही’ असे लेखी दिले तर परवाना वाचेल, नाही तर त्यांच्या हाती काही नाही.

“सही करा दाजी,” मी म्हणालो.

“सही करीन, अन् उद्या पुन्हा झाकीन. मंग तुमी काय लिहिसान?”

मी सहीसाठी उघडलेले पेन मिटले. बहीण हात पुसत घरात गेली आणि अंगठ्याला काजळ लावून बाहेर आली. सरळ होडीत चढली.

“लेकराले तीट काऊन लावतो आपन? पाह्यनाऱ्याची नजर पयले तिटीवर पडावी म्हनून. मंग हा पाह्यते, तं ह्याच्याच पुढं तीट ठेवा. आधी तीट दिसन, मंग मासोळी.” असे म्हणून तिने भिंगाच्या अगदी मधोमध अंगठा टेकवला.

मॅडमच्या फोनवर एकदम अंधार झाला. “मावशी! परत झाकलंत की!”

इतका वेळ तोंड पाडून उभे असलेले दाजी मोठ्याने हसले. अध्यक्ष हसले, मीही हसलो. मॅडमनी आपल्या रुमालाने भिंग पुसले आणि कोपऱ्याला बोट लावून दाखवले, “इथे लावा, छोटीशी.” बहिणीने करंगळीने लावली. फोनवर जाळी, होडीच्या तळाशी साचलेले पाणी, दाजींचे पाय, सगळे दिसत होते. फक्त एका कोपऱ्यात काळा ठिपका होता.

दाजींनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

“चालते,” ते म्हणाले. “आता सही करतो.”

पण भिंगावर काहीही लावण्यास नियमाने मनाई आहे. मॅडम म्हणाल्या, ही परवानगी त्या देऊ शकत नाहीत, वर लिहावे लागेल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पुष्कळ लोकांनी माझ्याकडे असे पाहिले आहे, पण बहिणीने पाहिले नव्हते. मी पायरीवरच कागद काढला. पाणकावळ्याचा त्यात उल्लेख नाही. शेवटचा भाग येथे उतरवून ठेवतो.

तरी साहेबांनी भिंगाच्या कोपऱ्यातील काजळाचा ठिपका बिघाड समजू नये, छेडछाडही समजू नये, आणि तसे लेखी कळवावे. उलटपक्षी कॅमेरा यापुढे कधीही झाकला जाणार नाही, अशी सहीची हमी सोबत जोडली आहे. होकार असल्यास लवकर द्यावा, कारण होडी काठाला बांधून आहे, दाजी दिवसभर तिच्याभोवती फिरतात, आणि माझी बहीण होकार येईपर्यंत रोज तेलाच्या दिव्यावर नवे काजळ धरणार आहे. नकार असल्यास तोही लेखीच द्यावा. मात्र त्याआधी साहेबांनी एकदा सकाळी काठावर यावे आणि पहिले जाळे वर येत असताना आमच्यासोबत पाठ फिरवून उभे राहावे, एवढी विनंती मान्य व्हावी.