गुडघ्याचा पट्टा

साओ पावलोला लेकीकडे असताना औषधांच्या दुकानात साठीची एक बाई दिसली. केसांच्या दोन शेंड्या, गुलाबी रिबिनी आणि हातात गुडघ्याला बांधायचा पट्टा.

"आई, ही इथल्या टीव्हीवर मुलांसाठी गायची," लेक म्हणाली. "गाणं संपलं की उडी मारायची."

तेवढ्यात टक्कल पडलेला एक गृहस्थ तिला काहीतरी विनवू लागला. लेकीने अर्थ सांगितला, "मावशी, ती उडी एकदाच."

तेव्हाची मुलं केव्हाच मोठी झाली. हिला मात्र कुणी म्हातारी होऊ देईना. तिने पट्टा काउंटरवर ठेवला, दोन ओळी गायल्या आणि ओठ आवळून उडी मारली. टाळ्या पडल्या. ती लंगडत बाहेर गेली, पट्टा तिथेच राहिला.

तो घेऊन मी मागे धावले. मला येताना पाहून ती थांबली, हसली आणि पुन्हा गुडघे वाकवू लागली.